स्कॉलरशिप कमी आली म्हणून कॉलेज सोडायच्या आधी

ऑगस्टात आमच्या साताऱ्याच्या कॉलेजात ऑफिसबाहेरची फरशी दिवसभर ओली असते. कोपऱ्यात छत्र्या निथळत असतात आणि बाकावर बसलेल्या प्रत्येक पालकाच्या मांडीवर एक प्लॅस्टिकची पिशवी असते. कुणाची खताच्या दुकानाची, कुणाची लग्नाच्या बस्त्याची. आत मार्कलिस्टा, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाच्या झेरॉक्स. मी शिष्यवृत्तीच्या टेबलावर बसते, यंदाचं बारावं वर्ष. पिशवी टेबलावर ठेवून माणसं बहुतेक एकच वाक्य बोलतात, "मॅडम, एवढंच व्हय?"

एवढंच म्हणजे कधी निम्मी फी, कधी पाव, कधी पोर्टलवरचं 'रिजेक्टेड'. त्या क्षणी घरातले दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, काढू कर्ज, विकू दोन गुंठे. दुसरा म्हणतो, नको ते कॉलेज, बीएस्सीला टाका. दोघंही आकडा बघून बोलत असतात. तो आकडा कशाचा आहे, तो बदलता येतो का, आणि इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आपल्या खिशातून नक्की किती जाणार, हे अजून कुणी बघितलेलं नसतं.

मीही एकदा अशीच फसले. माझ्या मुलीला पुण्याकडच्या एका खासगी विद्यापीठाचं पत्र आलं. गुळगुळीत कागद, वर सोनेरी शिक्का, '२५ टक्के मेरिट स्कॉलरशिप'. रोज दुसऱ्यांचे फॉर्म तपासणाऱ्या मी पेढे आणले आणि सीट अडवून ठेवायला १०,००० रुपये भरून टाकले. दोन दिवसांनी पत्राचं मागचं पान वाचलं. सवलत पहिल्या वर्षापुरती, पुढं साडेआठ सीजीपीए (दहापैकी सरासरी गुण) राहिला तरच, आणि ती फक्त ट्यूशन फीवर. म्हणून हा लेख मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी लिहिते आहे.

आधी ओळखा, पैसा कुणाचा आहे

स्कॉलरशिप हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींना वापरतो.

पहिली शासनाची योजना, म्हणजे महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरची. आपल्याकडं अजूनही सगळे तिला 'ईबीसी' म्हणतात, पण आताचं नाव राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या ट्यूशन फीचा निम्मा भाग शासन देतं. मुलींसाठी ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं चित्र बदललं. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आणि कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतलेल्या मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. अनुसूचित जातीच्या मुलांना अडीच लाखांपर्यंत पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आणि त्यावर उत्पन्न असेल तर फ्रीशिप, म्हणजे फीमाफी.

दुसरी संस्थेची स्वतःची सवलत, जशी माझ्या मुलीला आली होती. तिचे नियम संस्थाच करते. तिसरी ट्रस्ट, कंपन्या, समाजमंडळं यांची मदत.

पहिलीत घासाघीस चालत नाही, पण चूक दुरुस्त होते. दुसरीत विचारणा करता येते. तिसरीसाठी फक्त वेळेत अर्ज करायचा असतो. लोक नेमकं उलटं करतात. शासनाच्या योजनेसाठी आमदारांचं पत्र आणतात आणि खासगी विद्यापीठाला साधा ईमेलही करत नाहीत.

आणखी एक. ही गोष्ट पोराला मुद्दाम सांगा. शासनाच्या बहुतेक योजना मार्कांवर ठरतच नाहीत. उत्पन्न, प्रवर्ग आणि सीट कुठल्या मार्गानं मिळाली, यावर ठरतात. ९६ पर्सेंटाइलवाल्याला शून्य आणि ७१ वाल्याला निम्मी फी, असं दरवर्षी माझ्या टेबलावर घडतं. कमी आलेली रक्कम म्हणजे त्याच्या हुशारीला मिळालेला शेरा नव्हे.

मग वहीत चार वर्षं मांडा

पत्रावरच्या टक्क्यांकडं बघू नका. वहीचं एक पान घ्या आणि प्रत्येक कॉलेजपुढं फक्त खिशातून जाणारे पैसे लिहा. आकडे मी सोयीचे घेतले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा, पुण्याच्या खासगी विद्यापीठाची वर्षाची फी ३,००,०००. स्कॉलरशिप ४० टक्के, म्हणजे १,२०,०००. होस्टेल, मेस आणि येणं-जाणं १,३०,०००. पहिल्या वर्षी खिशातून ३,१०,०००. सवलत चारही वर्षं टिकली तर एकूण १२,४०,०००. दुसऱ्या वर्षी तुटली तर पुढची तीन वर्षं ४,३०,००० प्रमाणे आणि एकूण १६,००,०००.

दुसरं, घरापासून एसटीच्या पासावर जाता येईल असं सातारा-सांगली भागातलं विनाअनुदानित कॉलेज. ट्यूशन फी १,२०,०००, डेव्हलपमेंट फी १२,०००. ईबीसीचे ६०,००० वजा जाता ७२,०००. पास, पुस्तकं, डबा-चहा २८,०००. वर्षाला १,००,०००, चार वर्षांत ४,००,०००. तीच मुलगी असेल आणि २०२४ च्या निर्णयात बसत असेल तर वर्षाला ४०,००० च्या आसपास.

बघा, '४० टक्के स्कॉलरशिप' आणि 'नुसती ईबीसी' यात फरक ८ ते १२ लाखांचा आहे, आणि तो उलट्या दिशेनं आहे. पत्र हातात आलं तेव्हा पहिलं मोठं वाटलं होतं.

मांडताना एक खाच लक्षात ठेवा. शासनाची निम्मी सवलत ट्यूशन फीवर असते, डेव्हलपमेंट फीवर नाही. होस्टेल, मेस, जिमखाना, अनामत हे सगळं तुमच्याच खिशातून. 'निम्मी फी माफ' म्हणून आलेला माणूस पावती बघून चिडतो तो इथंच. कॉलेजची मंजूर फी किती हे शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय असतं. पावती त्याच्याशी ताडून बघायला पाच मिनिटं लागतात. आमच्याकडं अकरा वर्षांत तसं करून आलेले पालक मी बोटांवर मोजले.

कमी का आली? इथं खरी मेहनत आहे

शासनाच्या योजनेत रक्कम कमी आली किंवा अर्ज उडाला, तर कारण बहुतेक वेळा खालच्यापैकी एक निघतं. एकेक करून तपासा.

*सीट कुठली?* कॅप फेरीतून मिळालेल्या सीटलाच शाहू महाराज शिष्यवृत्ती मिळते. संस्थास्तरावरचा, म्हणजे ज्याला आपण मॅनेजमेंट कोटा म्हणतो तो प्रवेश घेतला की ती दारं बंद. "ऑफिसातल्या माणसानं सांगितलं होतं, स्कॉलरशिप बसतीय" असं म्हणत येणारे पालक दरवर्षी भेटतात. त्या माणसानं ते कागदावर दिलेलं नसतं. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठंही मुलींच्या पूर्ण फीमाफीतून वगळलेली आहेत. कॅपच्या फेऱ्या अजून शिल्लक असतील तर हा मुद्दा आजच्या आज धसाला लावा, नंतर काही करता येत नाही.

*टीएफडब्ल्यूएस भरलं होतं का?* ही ट्यूशन फीमाफीची योजना. तंत्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांत मंजूर जागांच्या ५ टक्के जादा जागा अशा असतात की तिथं ट्यूशन फीच नाही. अट ८ लाखांच्या आत उत्पन्नाची. पण पसंतीक्रम भरताना त्याचा वेगळा कोड टाकावा लागतो. आपोआप काही होत नाही. कटऑफ चढा असतो आणि पुढं कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही, हेही खरं.

*दोन 'आठ लाख' एकच नव्हेत.* यात शिकलेले लोकही गोंधळतात. नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे राखीव प्रवर्गातलं कुटुंब सधन नाही, या दाखल्याची मर्यादाही आठ लाखच, पण त्यासाठी उत्पन्न मोजताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. शिष्यवृत्तीच्या उत्पन्नाच्या दाखल्यात मात्र घरातलं सगळं धरलं जातं. त्यामुळं नॉन-क्रीमीलेअर हातात असूनही शिष्यवृत्ती नाकारली जाऊ शकते. तहसीलदारांकडं त्यावरून भांडायला जाऊ नका, दोन्ही दाखले आपापल्या जागी बरोबर आहेत.

*उत्पन्नाच्या दाखल्यातला आकडा.* कोरेगावकडचे एक अण्णा आले होते. दाखल्यावर उत्पन्न ८ लाख ४० हजार. एवढं कसं? सेतूवाल्या पोरानं उसाचं सगळं बिल उत्पन्न म्हणून टाकलं होतं. तोडणी-वाहतूक, बियाणं, खत, पाणीपट्टी, सोसायटीचं कर्ज काहीच वजा नाही. अण्णा म्हणाले, "एवढं मिळालं असतं तर मी हितं कशाला आलो असतो?" तलाठ्याकडं जाऊन सात-बारा, आठ-अ आणि कारखान्याच्या पावत्या दाखवल्या, नवा अहवाल घेतला, नवा दाखला काढला. यात खोटं काहीच नाही. खर्च वजा जाता जे उरतं तेच उत्पन्न. पण उलटही सांगते. नोकरदारानं फॉर्म १६ लपवून तीन लाखांचा दाखला काढला आणि पुढं पडताळणीत निघालं, तर घेतलेले पैसे परत करावे लागतात आणि पोराच्या नावावर ठपका येतो. त्या वाटेला जाऊ नका.

दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. जूनमध्ये गेल्या वर्षीचा दाखला अपलोड करणारे शेकड्यानं असतात.

*जात पडताळणी.* राखीव जागेवर प्रवेश असेल आणि वैधता प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही, तर सीट खुल्या प्रवर्गात जाते आणि सवलतीचा पायाच हलतो. हा अर्ज बारावीत असतानाच जिल्ह्याच्या समितीकडं टाकायचा असतो.

*कुटुंबातली दोन मुलं.* शाहू महाराज योजनेचा लाभ एका कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांना मिळतो. मध्ये दोन वर्षांपेक्षा जास्त खंड पडला तरी अडचण येते. इथं दुरुस्तीला वाव नाही. कारण हेच निघालं तर वेळ न घालवता पुढच्या पायरीला लागा.

*पैसे निघाले, पण पोचले नाहीत.* जतचा एक मुलगा आमच्या होस्टेलवर होता. पोर्टलवर रक्कम वितरित झाल्याचं दिसत होतं, त्याचं बँकेचं पासबुक कोरं. पाच महिने तो रोज माझ्याकडं संशयानं बघायचा. शेवटी कळलं, आठवीत असताना आईनं त्याचं दुसऱ्या एका बँकेत झिरो बॅलन्स खातं काढलं होतं. आधार त्या खात्याला सीड झालेलं, म्हणजे सरकारी पैसे घ्यायला तेच खातं नोंदलेलं. डीबीटीचे (शासनाकडून थेट खात्यात येणारे) पैसे तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यावर नाही, तर आधार सीड असलेल्या खात्यावर जातात. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' उघडलं की बँकेचं नाव दिसतं. बँकेला आधार 'लिंक' असणं वेगळं आणि 'सीड' असणं वेगळं. काउंटरवर सीडिंग हाच शब्द वापरा, नाहीतर ते केवायसी करून परत पाठवतील.

'सेंड बॅक' म्हणजे नकार नाही

अर्ज कॉलेजच्या लॉगइनमधून पुढं संबंधित विभागाकडं जातो. तंत्रशिक्षणाचा असेल तर पुण्याच्या सहसंचालक कार्यालयाकडं, अनुसूचित जातीचा असेल तर जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडं, ओबीसींचा इतर मागास बहुजन कल्याण विभागाकडं. कुठल्याही टेबलावर शंका आली की तो 'सेंड बॅक' होतो. शेरा इंग्रजीत आणि दोन शब्दांचा. पोरं तो वाचतच नाहीत, मेसेज आला की गळपटतात. शेरा उघडा, जो कागद मागितलाय तोच लावा आणि पुन्हा सबमिट करा. एकच ध्यानात ठेवा, परत आलेला अर्ज मुदतीत पुन्हा गेला नाही तर तो तसाच पडून राहतो.

'रिजेक्टेड' आलं तर आधी कॉलेजच्या टेबलावर या, मग पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर जपून ठेवा. आमच्यासारख्यांशी गोड बोला असं मी म्हणणार नाही, पण अर्जाचा आयडी हातावर लिहून आणा. "माझं नाव बघा की" म्हणणाऱ्याचं काम मागं पडतं, कारण त्याच आडनावाचे चाळीस जण यादीत असतात.

आणि प्रवेशाच्या वेळी कॉलेज पूर्ण फी मागत असेल तर? योजनेत बसणाऱ्या विद्यार्थ्याकडून शासनाचा हिस्सा आधी वसूल करायचा नाही, असंच शासनाचं सांगणं आहे. २०२४ मध्ये मुलींच्या बाबतीत तर तशा तंबीच गेल्या. तरी काही ठिकाणी "भरा, आलं की परत देऊ" चालतं. पात्रतेचे कागद जोडून लेखी अर्ज द्या आणि पोचवर शिक्का घ्या. तोंडी भांडणाला ऑफिसात काही किंमत नसते, शिक्क्याला असते.

संस्थेला विचारा, पण हात पसरून नव्हे

खासगी विद्यापीठाची सवलत कमी वाटत असेल तर तीन गोष्टी लिहून ईमेल करा: दुसऱ्या संस्थेनं देऊ केलेली रक्कम आणि त्याचं पत्र, घरातली बदललेली परिस्थिती कागदासकट, आणि तुम्हाला नेमके किती कमी पडतात तो आकडा. 'जास्तीत जास्त मदत करावी' असं लिहिलं तर उत्तर गुळमुळीत येतं. 'वर्षाला ४५,००० कमी पडतात' असं लिहिलं तर निदान कुणीतरी बेरीज करून बघतं. सवलत किती वर्षांची, किती सीजीपीएवर टिकते आणि एखाद्या विषयात बॅकलॉग राहिला तर काय, हे लेखी मागून घ्या.

इकडच्या कॉलेजांत रक्कम कमी होणं अवघड, पण हप्ते मिळतात. पालक इथं नेहमी एक चूक करतात. "हप्ते पाडून द्या" म्हणतात, तारखा देत नाहीत. प्राचार्यांनाही वर ट्रस्टींना सांगावं लागतं. आपल्या भागात पैसा कधी हातात येतो ते आपल्याला माहीत असतं. कारखाने दिवाळीच्या आगेमागे सुरू होतात, बिलं डिसेंबर-जानेवारीत. तासगावकडं द्राक्षाचा पैसा फेब्रुवारी-मार्चमध्ये, सांगलीच्या हळदीचंही साधारण तेव्हाच. हप्ते त्याला जुळवून मागा. माझ्याकडं येणाऱ्या पोरांना मी असा मजकूर देते:

'मा. प्राचार्य यांस, मी प्रथम वर्षास कॅप फेरीतून प्रवेश घेतला आहे. वडिलांची दीड एकर बागायत असून ऊस हे मुख्य पीक आहे. शिष्यवृत्ती वजा जाता मला ७२,००० रुपये भरावयाचे आहेत. पैकी २२,००० आज भरत आहे. २५,००० जानेवारीअखेर ऊसबिल आल्यावर व उर्वरित २५,००० एप्रिलअखेर भरीन. सोबत सात-बारा व गेल्या हंगामातील बिलाची प्रत जोडली आहे. कृपया परवानगी मिळावी.'

खाली मुलाची आणि पालकाची, दोघांची सही. असा अर्ज परत आलेला मी क्वचित पाहिला.

खड्डा भरायच्या इतर वाटा

राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर दोन योजना बघाच. बारावीला आपल्या बोर्डात, आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर असाल आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राची पदवीसाठी वर्षाला १२,००० ची योजना आहे. तंत्रशिक्षणाला प्रवेश घेतलेल्या मुलींसाठी एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, प्रगती शिष्यवृत्ती, वर्षाला ५०,०००, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. मात्र यातल्या बहुतेक एकमेकींबरोबर किंवा राज्याच्या योजनेबरोबर घेता येत नाहीत. म्हणून आधी वहीत दोन्ही मांडा आणि जास्तीची घ्या. जिची ट्यूशन फी आधीच माफ आहे तिनं घाईनं प्रगतीचा फॉर्म भरू नये, आधी बेरीज करावी.

अल्पभूधारकांच्या किंवा नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, तोही महाडीबीटीवरच पण वेगळा अर्ज करून. फीचा फॉर्म भरला म्हणजे हा भरला असं होत नाही. अनुसूचित जातीच्या, वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी राहण्या-जेवण्याचे पैसे देणारी स्वाधार योजना.

आणि साताऱ्यात राहून 'कमवा आणि शिका' विसरू नका. १९१९ साली काल्यात रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीरांनी साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एकत्र ठेवली. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडलं. त्या गावात पैसे नाहीत हे सांगायला पोरांनी लाजावं, हे मला कधीच पटलेलं नाही. रयतच्या कॉलेजांत आणि शिवाजी विद्यापीठात ही योजना अजून आहे. ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, बागेत ठरावीक तास काम. त्यातून फी निघत नाही, मेसचा काही भाग निघतो. पण महिन्याच्या शेवटी घरी फोन करून पैसे मागायचं टळतं, ते पोरांना फार मोठं वाटतं.

कर्ज काढायचंच असेल तर

सावकार नको. पतसंस्थेचं साधं वैयक्तिक कर्जही नको, व्याज चढं असतं आणि हप्ता लगेच सुरू होतो. बँकेचं शैक्षणिक कर्ज घ्या. त्यात शिक्षण चालू असेपर्यंत आणि पुढं साधारण एक वर्ष हप्ता नसतो. ४ लाखांपर्यंत सहसा आपला वाटाही लागत नाही, आणि केंद्राच्या हमी योजनेमुळं साडेसात लाखांपर्यंत तारण मागायचं नसतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मीत निवडक संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि दुसरी शासकीय सवलत घेत नसाल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलतही आहे. आपलं कॉलेज त्या यादीत आहे का, एवढं आधी पोर्टलवर बघा.

शाखेत तोंडी 'होत नाही' म्हणाले तर अर्ज पोर्टलवरून करा आणि नकार लेखी मागा. तरी अडलं तर जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकांकडं जा. साताऱ्यात ती बँक ऑफ महाराष्ट्र, सांगलीत बँक ऑफ इंडिया.

व्याजाचं गणित मात्र समजून घ्या. वर्षाला दीड लाख असं चार वर्षांत ६ लाख उचललं, व्याज १० टक्के धरलं. हप्ता नाही म्हणजे व्याज नाही असं नव्हे. पाच वर्षांत सरळव्याजानंही २,१०,००० साठतात. मग ८,१०,००० वर दहा वर्षांचा हप्ता सुमारे १०,७०० बसतो. तेच, शिक्षण चालू असताना नुसतं व्याज भरत गेलात, पहिल्या वर्षी महिना १,२५०, मग वाढत चौथ्या वर्षापासून ५,०००, तर पुढं हप्ता ७,९०० च्या आसपास. हे व्याज बापानं दुधाच्या बिलातून भरलं तर पोराच्या डोक्यावरचं पुढचं ओझं पावपटीनं कमी होतं. माझ्या मते पहिल्या नोकरीचा जेवढा पगार नक्की मिळेल असं वाटतं, त्याच्या चौथ्या हिश्श्यापलीकडं हप्ता जाऊ देऊ नये. आणि पहिल्याच वर्षी जमिनीला हात लावू नका. गुंठा एकदाच विकता येतो.

सोडायचं ठरलं तर वेळेत सोडा

गणित बसतच नसेल तर कॉलेज बदलण्यात कमीपणा नाही. कराडचं शासकीय अभियांत्रिकी, १९६० पासूनचं, किंवा सांगलीचं १९४७ सालचं अनुदानित वालचंद, इथं दुसऱ्या पसंतीची शाखा मिळाली तरी महागड्या विद्यापीठातल्या पहिल्या पसंतीच्या शाखेपेक्षा ती मला बरी वाटते. पोरं यावर माझ्याशी वाद घालतात. घालू देत. दहावीनंतरचा निर्णय असेल तर पॉलिटेक्निक करून थेट दुसऱ्या वर्षाला जाणं हा आपल्याकडचा जुना, स्वस्त रस्ता आहे.

कॅपमधला प्रवेश ठरलेल्या मुदतीत रद्द केला तर १,००० रुपये कापून फी परत मिळते. विद्यापीठांसाठी यूजीसीचे २०१८ चे टप्पे आहेत. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी किंवा त्याहून आधी सोडलं तर फार तर थोडा प्रक्रिया खर्च कापून सगळी फी, त्या १५ दिवसांत ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८०, तीस दिवसांपर्यंत ५०, मग शून्य. मूळ कागदपत्रं अडवून ठेवायचा अधिकार कुणालाच नाही. माझे १०,००० मी हेच टप्पे दाखवून परत मिळवले, सहा ईमेल आणि दोन महिने लागले. मुलगी आता इथल्याच कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. सकाळी ७.१०ची एसटी पकडते आणि त्याबद्दल रोज कुरकुरते.

पिशवीत काय ठेवायचं

दरवर्षी अर्ज नव्यानं रिन्यू करावा लागतो. म्हणून एप्रिलमध्येच नवा उत्पन्नाचा दाखला काढा, त्याच आठवड्यात आधार सीडिंग तपासा, निकाल लागला की मार्कलिस्ट स्कॅन करून ठेवा, आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर बदलू नका. ओटीपी त्याच्यावरच येतो आणि तो फोन गावाकडं काकाच्या खिशात असला की अर्ज तिथंच थांबतो. फीची प्रत्येक पावती, पोचचा शिक्का असलेला प्रत्येक अर्ज, कर्जमंजुरीचं पत्र, सगळं एकाच ठिकाणी.

परवा तेच कोरेगावचे अण्णा पुन्हा आले. पोरगा दुसऱ्या वर्षाला गेला. पिशवी तीच, खताच्या दुकानाची, फक्त आत आता बटनाची फाइल आहे.

"मॅडम, यंदा ते सेंड बॅक का काय आलंय."

"शेरा काय लिहिलाय?"

अण्णांनी पोराकडं बघितलं. पोरानं मोबाइल पुढं केला. उत्पन्नाचा दाखला गेल्या वर्षीचा लागला होता.

"मग चला तलाठ्याकडं," अण्णा पोराला म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीआधी गाठू."